बोरीतला समुद्र

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो वाइंडिंगच्या मशीनच्या खटखटीनं. जिंतूरजवळच्या बोरी गावात रस्त्याकडेला आमचं तीन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अण्णांचं मोटार दुरुस्तीचं दुकान, मागं मायचा स्वयंपाक, आणि मधली खोली कुणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांची होती. शेतातल्या जळालेल्या मोटारी अण्णांकडं यायच्या. ते जळकी तार उपसून काढत, नवी मोजून वेढत, वरून वार्निश ओतत आणि आत बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत मोटार वाळायला ठेवत. त्या वार्निशचा वास आमच्या अंथरुणाला, वह्यांना, अगदी भाकरीलासुद्धा यायचा. सकाळी माय सुशीला करायची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना हिरव्या मिरचीची फोडणी आणि वर शेंगदाण्याचं कूट. अण्णा ताटली मशीनशेजारी घेऊन बसत. एक घास, दहा वेढे, पुन्हा एक घास. बोलणं कमी. त्यांच्या तोंडात एकच प्रश्न कायम असायचा, "कामून?" मोटार कामून जळाली, पाणी कामून उतरलं, पोरगी कामून रुसली. कारण कळल्याबगर त्यांना कशालाही हात लावता यायचा नाही.

अण्णांचे वडील विहिरी खोदायचे. विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडून झाल्यावर ते तांब्याचा एक ढब्बू पैसा पाण्यात सोडायचे. त्यासाठी त्यांनी निजामाच्या काळातले पैसे एका पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवले होते. तो डबा अण्णांकडं आला आणि त्याबरोबर ती रीतही. नवी मोटार बसवली, पहिलं पाणी पडलं की हौदात नाहीतर विहिरीत एक पैसा. "पाण्याला तांबं दावल्याबगर ते घरचं होत न्हाई," असं अण्णा म्हणायचे. डबा देवाच्या कोनाड्यात असायचा. लहानपणी मी त्या पैशांनी खेळलेय, मोजलेत, त्यांच्यावरचा हिरवट डाग चिंचेनं घासून काढलाय. म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. ते इथंच कबूल करून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीही दोष अण्णांच्या माथी मारेल.

बारावी झाली आणि मी कोकणातल्या मत्स्यशास्त्राच्या कॉलेजाचं खूळ डोक्यात घेतलं. खूळ हा मायचा शब्द. मी समुद्र बघितला नव्हता. बघितलं होतं ते मोबाइलवर, ओट्यावर बसून, तासन् तास. समुद्राच्या तळाशी वाढणारं प्रवाळ, त्याची पाण्यात हलणारी हजार बोटं. मायच्या मंगळसूत्राशेजारी एक लाल पोवळं ओवलेलं होतं. "हे पण असंच जित्तं होतं माय, समुद्रात," असं मी तिला सांगितलं, तर ती दचकून म्हणाली, "म्हंजी इतकी वर्सं मी मढं घालून फिरायलेय का गं?" अण्णांना सांगितलं तेव्हा ते तार वेढत होते. वेढे पुरे झाल्यावर म्हणाले, "नंदे, हितनं समुद्र लय लांब. तुला तिथलं काय कळतंय?" मी म्हणाले, मला सगळं कळतं. तेव्हा त्यांनी ती शर्त घातली. "मग समुद्राचा जीव हितल्या उन्हाळ्यात जगवून दाखव. एक उन्हाळा. जगला तर मी सोता सोडायला येतो. न्हाई जगला तर दुकानात बस, मी काम शिकवतो."

दुसरी शहाणी मुलगी असती तर तिनं दोन फुटांच्या पेटीत चार मासे सोडले असते आणि मोकळी झाली असती. मला हात दाखवून अवलक्षण करायची सवय. मी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशा टाकीचं चित्र काढलं. आत नुसते मासे नाहीत, तर जिवंत प्रवाळाचा अख्खा खडक. पाणी जितकं जास्त तितकं ते स्थिर राहतं, हे मी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. दसऱ्यापासून मी वही घेऊन हिंडत होते. जिंतूरच्या सलीमचाचांचं काचेचं दुकान होतं. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, ये तो हौज झाला. दहा एमएम नको, बारा लागते. फुटली तर अल्ला मालिक, पण तुझ्या मायला मी काय तोंड दाखवू?" त्यांनी घरी येऊन मधल्या खोलीत काच जोडली. सिलिकॉन वाळेपर्यंत रोज फोन करून विचारायचे, कुणी हात तर नाही ना लावला. खाली अण्णांनी लोखंडी अँगलचा स्टँड केला. खडक मी स्वतः घडवले, पांढरं सिमेंट आणि कुस्करलेले शिंपले भाजीच्या टोपल्यांत ओतून, आणि मग ते तीन आठवडे पाणी बदलत भिजत घातले. गावात बोभाटा झाला की मोटारवाल्याची पोरगी दगड धुवायलीय.

नळांचं काम अण्णांकडं होतं. एका दुपारी त्यांनी टाकीखालच्या पाइपाला पितळेचा व्हॉल्व्ह बसवला, जड, चकचकीत, त्यांच्या ठेवणीतला. मी शाळेतल्या मास्तरणीसारखी ओरडले, "पितळ न्हाई चालत अण्णा! काढा ते. प्लॅस्टिकचा लावा." अण्णांनी पाना खाली ठेवला आणि विचारलं, "कामून?" आता उत्तर सोपं होतं. पितळात तांबं असतं, आणि समुद्रातल्या गोगलगायींना, कोळंबीला, प्रवाळाला तांबं म्हणजे इख, विषच. एवढी दोन वाक्यं. पण सकाळपासून मी पस्तीस जणांच्या पस्तीस प्रश्नांना उत्तरं दिली होती, मला भूक लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा वाटायचं की अण्णांना फक्त मोटार कळते. मी म्हणाले, "तुमाला न्हाई समजायचं." अण्णांनी व्हॉल्व्ह सोडवला. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. मी वहीत पाहत होते.

मग पाणी. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यांवर पांढरा थर बसायचा. गावातल्या शुद्ध पाण्याच्या प्लँटवरून तीस जार आणले, तेही शुद्धता मोजायच्या मीटरवर धड उतरेनात म्हणून पुन्हा एकदा गाळून घेतले. त्यात समुद्राचं मीठ मोजून कालवायचं. मुंबईहून मिठाच्या दोन गोण्या एसटीच्या पार्सलनं आल्या तेव्हा बसस्टँडवर लोक जमले. पारावरचे एक आबा म्हणाले, "आमचं रान खारवटलं म्हणून आमी रडायलोत, आन् ही गोड पाण्यात मीठ टाकायली!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांना खारटपणा मोजायचं यंत्र दाखवायला गेले, तर ते म्हणाले, "बाई, आमाला जीभ हाय की." आजही कुणी माझ्या कामावर असं हसलं की माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात. वय वाढलं म्हणून काही राग मऊ होत नाही, लोक उगाच सांगतात.

संक्रांतीच्या आधी टाकी भरली. दोन दिवस मी धड झोपले नव्हते. पाणी फिरायला लागलं आणि मी तिथंच जमिनीवर आडवी झाले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि टाकीच्या काचेवर बाहेरून हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली होती, उंबऱ्यात नारळ फुटलेला. मी मायवर तुटून पडले. "आत काय टाकलंस? हळद टाकलीस? फूल?" माय रडवेली झाली. "आतमधी कायबी न्हाई टाकलं गं बाई, तुझी शप्पथ. बाहेरूनच पुजलं." मी वाकून वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, पांढरी वाळू सपाट होती. मी काच पुसली आणि मायला न करण्याच्या गोष्टींची यादी सुनावली. साबणाचा हात नाही, उदबत्ती नाही, तेल नाही, डासांचा फवारा नाही, हळदकुंकू नाही. अण्णा कामावर गेले होते. त्यांना मी काही विचारलं नाही.

शिवरात्रीच्या सुमाराला दोन मासे आले, केशरी अंगावर पांढरे पट्टे. माय त्यांना नवरा-नवरी म्हणायची. ती भाकरी थापता थापता मान वळवून त्यांच्याकडं बघायची, आणि एक-दोनदा तिची भाकरी करपली. ते पंधरा दिवस आमच्या घरात सुखाचे होते. पाण्याच्या खळखळीत मशीनची खटखट मिसळायची आणि सलीमचाचा खास जिंतूरहून येऊन खुर्ची टाकून बसायचे. मग मी गोगलगायी आणि कोळंबी आणली, मऊ प्रवाळाचे पाच तुकडे आणले, खडकांवर चिकटवले. पहिल्या दिवशी प्रवाळानं बोटं उघडलीच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी कोळंबी उताणी पडली होती. आठवड्याभरात गोगलगायी एकेक करून काचेवरून खाली गळाल्या आणि पुन्हा हलल्या नाहीत.

तिथून पुढं माझं डोकं फिरलं. सगळ्या चाचण्या केल्या, सगळं बरोबर. मग दोष कुणाचा? आधी मी पाण्याच्या प्लँटवाल्याशी भांडले. मग मिठाच्या दुकानदाराशी, फोनवर, एवढ्या मोठ्यानं की रस्त्यावरचे लोक थांबले. अर्धं पाणी बदललं, नवे तुकडे मागवले, तेही आक्रसून गेले. मग मला मायची फोडणी दिसली. मिरच्यांचा ठसका मधल्या खोलीत येतो म्हणून मी तिला स्वयंपाक परसात न्यायला लावला, चैतात, पत्र्याखाली, चुलीवर. ती पदरानं घाम पुसत ठेचा वाटायची आणि म्हणायची, "जळू दे मेलं, तुझा समुद्र जगू दे." मग मला वार्निशचा वास आठवला. अण्णांना म्हणाले, हे काम इथं नको. त्यांनी विचारलं, "वासानं मरायलेत का?" मी म्हणाले, "मग कशानं?" दुसऱ्या दिवसापासून ते वार्निशचा डबा आणि ती पत्र्याची पेटी घेऊन रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली बसायला लागले. दुपारी ऊन तिथंही यायचं. गिऱ्हाईक विचारायचे, मिस्त्री, घरातून काढलं का? अण्णा हसायचे.

वीज गेली की मी तांब्यानं पाणी उपसून वरून सोडायचे, हवा मिळावी म्हणून. हो, तांब्यानंच, पण तो स्टीलचा होता, एवढी अक्कल होती मला. पाणी तापू नये म्हणून अण्णांनी जुन्या कूलरच्या हौदात प्लॅस्टिकच्या नळीची वेटोळी बसवून टाकीचं पाणी त्यातून फिरवलं. बाहेर सावलीतसुद्धा अंग भाजत असताना टाकीतलं पाणी त्यांनी बेतात ठेवलं. त्या जुगाडाचं आज मला जितकं कौतुक वाटतं त्याच्या निम्मंही मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. कारण आत सगळं मरतच होतं. नाकी नऊ आले होते माझ्या. नवरा-नवरी तेवढे मजेत, दाणे खायचे, माझ्या बोटामागं पळायचे. त्यांचाही मला राग यायचा.

वैशाखात शेवटचं प्रवाळ काळं पडून विरघळलं. मी मुंबईच्या दुकानदाराला पुन्हा फोन लावला, भांडायलाच. तो बिचारा शांत माणूस होता. त्यानं विचारलं, मासे कसे आहेत? मी म्हणाले, ठणठणीत. तो म्हणाला, "मासे ठणठणीत आणि बाकी सगळं मेलं? ताई, पाण्यात कुठंतरी तांबं आहे. शोधा." तांब्याची चाचणी माझ्या संचात नव्हतीच. मी फोन ठेवला आणि कोनाड्याकडं पाहिलं. डबा जागेवर होता. मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि वाळू उपसायला लागले. मागच्या कोपऱ्यात, खडकाला लागून, चार बोटं खोल तो सापडला. पहिल्या पाण्याच्या दिवशी, मी झोपले असताना अण्णांनी दाबलेला; हौदातही ते पैसा असाच तळाशी दाबायचे, पोरांनी उचलू नये म्हणून. ढब्बू पैसा, हिरवागार झालेला, कडा खाऊन पातळ झालेल्या.

मी तशीच ओल्या हातानं रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले. अण्णांसमोर दोन गिऱ्हाईक बसले होते. मी पैसा त्यांच्या पुढ्यात आपटला आणि म्हणाले, "तुमी मुद्दाम टाकला. मी जाऊ नये म्हणून टाकला." गिऱ्हाईक उठून गेले. अण्णांनी पैसा उचलला, शर्टाला पुसला, उलटा करून पाहिला. त्यांना तो हिरवा रंग कशाचा हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आयुष्य तांब्यात गेलं होतं त्यांचं. मग म्हणाले, "ह्यानं मेले?"

"ह्यानंच. तांबं इख असतंय त्यांना. म्हणून तर पितळ नको म्हणले होते."

"मी इचारलं होतं," अण्णा म्हणाले. "पितळ कामून न्हाई म्हणून इचारलं होतं."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी घरी आले आणि मायच्या चुलीपुढं बसून राहिले. तिनं माझ्या हातात भाकरीचं पीठ दिलं आणि म्हणाली, "मळ." अण्णा त्या दिवशी जेवायला आले, पण मधल्या खोलीतून न येता बाहेरून वळसा घालून परसात आले. पुढं महिनाभर ते त्या टाकीसमोरून गेले नाहीत. मीही गेले नाही. पोटातला राग कुणावर काढावा हेच कळत नव्हतं, कारण ज्याच्यावर काढावा असं एकच माणूस उरलं होतं आणि ती मी होते. मायनंच मासे सांभाळले. कूलरच्या हौदात पाणी मात्र रोज भरलेलं असायचं. ते कोण भरतं हे मी विचारलं नाही.

मृग निघाला. मी मुकाट्यानं दुकानात जाऊन बसले आणि तार वेढायला घेतली. शर्त हरले होते, बोलायचं काय? अण्णांनी माझे वेढे तपासले, दोन चुकलेले काढून टाकले आणि म्हणाले, "फार्म कधी भरायचा त्या कालेजाचा?" मला वाटलं टोमणा मारतात. मी म्हणाले, "सगळं मेलं अण्णा. हरले मी."

"त्ये दोघं हायत की जित्ते. समुद्राचे न्हाईत का? उन्हाळा निघाला."

"मला दया नको."

"दया कसली? शर्त काय होती? जीव जगवून दाखव. दोन जीव हायत, मोज." आणि पुन्हा मशीनकडं वळले. मी चिडूनच फॉर्म भरला. जिंकल्यासारखं मला अजिबात वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पाच फुटांची टाकी करून जे दोन फुटांत जमलं असतं तेवढंच माझ्या हाती लागलं होतं.

अण्णा बोलल्याप्रमाणे सोडायला आले. दोन एसट्या बदलून, रात्रभर बसून. मायनं धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती आणि नवरा-नवरीला सांभाळायचं कबूल करताना माझ्याकडून उलट शपथ घेतली होती की मी तिला रोज फोनवर सांगेन काय करायचं, आणि का करायचं. कॉलेजात नाव घालून झाल्यावर आम्ही समुद्रावर गेलो. दोघांनीही पहिल्यांदाच पाहिला. मला वाटलं होतं मी रडेन, ओरडेन. मी नुसती उभी राहिले. अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या, पँट वर दुमडली आणि घोट्याएवढ्या पाण्यात गेले. वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकले. मग सवयीनं त्यांचा हात खिशात गेला. पहिलं पाणी होतं ना. पैसा त्यांनी आणला होता, डब्यातला, घासून लख्ख केलेला.

हात तसाच खिशात ठेवून ते माझ्याकडं वळले. "हितं चालतंय का?"

"चालतंय अण्णा. टाका."

ते थांबले. लाट येऊन त्यांचे गुडघे भिजवून गेली. मग माझ्याकडं न बघता, जरा भीत भीत, त्यांनी विचारलं, "कामून?"

मी चपला वाळूत ठेवल्या आणि पाण्यात त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तांबं खाऱ्या पाण्यात कसं विरघळतं ते सांगितलं. आपल्या टाकीत पाणी किती होतं आणि पैसा किती मोठा होता, ते सांगितलं. गोगलगायीला ते कसं लागतं आणि माशाला का लागत नाही, पितळात तांबं किती असतं आणि तो व्हॉल्व्ह मी का काढायला लावला, वार्निशचा आणि मायच्या फोडणीचा त्यात काही दोष कसा नव्हता, सगळं सांगितलं. समोर केवढं पाणी आहे तेही सांगितलं. बराच वेळ लागला. अण्णा मधे मधे विचारत होते आणि मी उत्तर देत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते "बरं" म्हणाले, आणि मग त्यांनी पैसा टाकला.